साडेबारा टक्क्यांवर अडलेली गणितं

एखादं मोठं गणित संगणकावर लावलंय, तास उलटला तरी उत्तराचा पत्ता नाही, पंखा घरघरतोय आणि ‘आता नवा लॅपटॉप घ्यावाच लागणार’ असं मनात येऊ लागलंय. अशी तुमची अवस्था असेल तर दुकानात जाण्याआधी एवढं करा. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयूचा वापर किती टक्के दिसतोय ते बघा. लिनक्सवाल्यांनी टर्मिनलवर एचटॉप चालवावं. टास्क मॅनेजरमधला आकडा १२ किंवा १३ टक्क्यांवर खिळलेला दिसला, किंवा एचटॉपमध्ये एकच पट्टी भरलेली दिसली, तर रोग सापडला. तुमच्या मशीनमध्ये आठ लॉजिकल प्रोसेसर, म्हणजे ढोबळमानाने आठ कोअर, आहेत आणि शंभराचा आठवा भाग साडेबारा. म्हणजे प्रोग्रॅम एकावरच चालतोय आणि बाकीचे सात रिकामे बसलेत. सोळा असतील तर हाच आकडा सहाच्या आसपास दिसेल.

इथे एक फसगत होते. प्रत्येक प्रोसेसरचा वेगळा आलेख उघडला की कधी कधी आठही चौकोन थोडे थोडे हललेले दिसतात आणि ‘सगळे काम करतायत की’ असं वाटतं. तसं नसतं. विंडोज एकच काम या कोअरवरून त्या कोअरवर हलवत असतं. त्यामुळे आलेखांकडे न बघता एकूण टक्के बघा.

असा प्रोग्रॅम नव्या लॅपटॉपवर नेलात तरी तिथेही तो एकाच कोअरवर चालणार. सोळा कोअरचे पैसे मोजायचे आणि काम एकाकडून घ्यायचं, हा व्यवहार कुणाला परवडतो?

२००४ पर्यंत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची चैन होती. दर दोन-तीन वर्षांनी नवा, आणखी वेगवान प्रोसेसर यायचा आणि जुना प्रोग्रॅम एका ओळीलाही हात न लावता जास्त जोरात पळायचा. मग उष्णता आडवी आली. पेंटियम ४ ची मजल ३.८ गिगाहर्ट्झवर थांबली. ४ गिगाहर्ट्झचा बेत इंटेलने २००४ मध्येच सोडून दिला. पुढच्याच वर्षी इंटेल आणि एएमडी या दोघांनीही घरगुती संगणकांसाठी दोन कोअरचे प्रोसेसर बाजारात आणले. तेव्हापासून एकेका कोअरचा वेग जपून वाढतोय, संख्या मात्र वाढत गेलीय. आणि संख्येचा फायदा आपोआप मिळत नाही. गणिताचे तुकडे कुठे पाडायचे हे प्रोसेसरला कळत नाही, ऑपरेटिंग सिस्टिमलाही कळत नाही. ते कुणीतरी सांगावं लागतं.

पुण्याला यात नवं काही नाही. अमेरिकेकडून क्रे जातीचा महासंगणक मिळण्यात अडथळे आले, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्यात एकच महाबलाढ्य प्रोसेसर नव्हता. ट्रान्सप्युटर नावाच्या ६४ चिप्स एकमेकींना जोडलेल्या होत्या. त्यावर गणित चालवायचं तर आधी ते वाटून द्यावं लागे. कुठला तुकडा कुणी करायचा, कुणी कुणाला काय कळवायचं, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच ठरवायचं. आज तुमच्या टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये आठ-दहा कोअर आहेत आणि वाटणीचा प्रश्न जसाच्या तसा आहे. फरक इतकाच, की तेव्हा तो मोजक्या शास्त्रज्ञांपुढे होता, आता एमएस्सीच्या विद्यार्थ्यापुढे आणि पतसंस्थेत एक्सेल चालवणाऱ्या हिशेबनिसापुढेही आहे.

माझं म्हणणं असं, की ही वाटणी हे संगणकवाल्याचं काम नाही. ज्याला गणित कळतं त्याचं आहे. प्रोग्रॅमरला बोलावून ‘हे मल्टिकोअर करून दे’ म्हणण्याआधी आपल्या गणितात काय कशावर अवलंबून आहे, ते तुम्ही स्वतः कागदावर मांडा.

देवळालीच्या गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचं उदाहरण घेऊ. कोणताही चार अंकी आकडा घ्या, सगळे अंक सारखे असलेला सोडून. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, वजाबाकी करा आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतला तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येतो. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सगळे तिथे पोहोचतात. आता हे आठ कोअरवर कसं वाटाल? एका आकड्याच्या पायऱ्या वाटता येत नाहीत, कारण दुसरी वजाबाकी पहिलीच्या उत्तराशिवाय सुरूच होत नाही. पण ३५२४ चं काय झालं याच्याशी ३५२५ ला काही देणंघेणं नाही. साखळीच्या आत वाटणी नाही, साखळ्यांमध्ये आहे. लूपच्या आत लूप असेल तर बहुतेक वेळा बाहेरचं वाटायचं असतं, आणि नवखा माणूस हमखास आतल्याशी झटत बसतो.

त्याच उदाहरणात दुसरी गोष्टही दिसते. चार अंकी आकडे ते किती! एक कोअर ते डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपवतो. आठ वेगळ्या प्रोसेस उभ्या करायच्या, त्यांना आकडे पाठवायचे, उत्तरं गोळा करायची, यातच त्याहून जास्त वेळ जाईल. म्हणून काम छोटं असेल तर वाटू नका. तुमचं गणित चार सेकंदांत होत असेल तर हा लेख इथेच सोडून चहा घ्यायला गेलात तरी हरकत नाही.

आता कापरेकर संख्या घ्या. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. अशा संख्या एक कोटीपर्यंत शोधायच्या असतील तर काम वाटण्याजोगं होतं. पण इथेही सरळ आठ सारखे तुकडे पाडताना विचार करा. काही शोधांत मोठ्या आकड्यांना जास्त वेळ लागतो. मूळ संख्या भागून भागून तपासत असाल तर शेवटच्या तुकड्याचा कोअर घाम गाळत राहतो आणि बाकीचे सात लवकर मोकळे होऊन त्याची वाट बघतात. त्यापेक्षा शंभर-दोनशे लहान तुकडे करा आणि जो मोकळा होईल त्याला पुढचा द्या. सी किंवा फोरट्रानमध्ये ओपन-एमपी वापरत असाल तर लूपच्या वरच्या एका ओळीत ‘डायनॅमिक’ एवढा शब्द घालून हे होतं.

वाटणी हेच गणित कसं असतं, याचं एक भारी उदाहरण २०१६ सालचं आहे. १ पासूनच्या संख्या लाल आणि निळ्या अशा दोनच रंगांनी रंगवायच्या. अट अशी की अ वर्ग अधिक ब वर्ग बरोबर क वर्ग अशी कोणतीही तिकडी एकाच रंगाची होता कामा नये. किती लांबपर्यंत हे जमेल? गणितज्ञ रोनाल्ड ग्रॅहम यांनी या प्रश्नाला १०० डॉलरचं बक्षीस लावलं होतं. ह्युले, कुलमान आणि मारेक या तिघांनी टेक्सासमधल्या स्टॅम्पीड महासंगणकाचे ८०० कोअर सुमारे दोन दिवस चालवून दाखवलं, की ७८२४ पर्यंत जमतं, ७८२५ पर्यंत जमत नाही. सिद्धता सुमारे २०० टेराबाइटची झाली. बातम्यांत त्या टेराबाइटचंच कौतुक झालं. मला कौतुक वाटतं ते आधीच्या पायरीचं. कोणत्या संख्यांचे रंग आधी गृहीत धरले तर उरलेला प्रश्न सुटा आणि सोपा होतो, हे हुशारीने निवडून त्यांनी एका प्रश्नाचे सुमारे दहा लाख वेगवेगळे प्रश्न केले. ती निवड चुकली असती तर ८०० काय, ८००० कोअरही पुरले नसते.

तुमचं आमचं काम एवढं मोठं नसतं. बहुतेकांना तर वाटणी स्वतः करावीच लागत नाही, कारण ती कुणीतरी करून ठेवलेली असते. फक्त ती वापरली जात नसते. मॅट्रिक्सचे गुणाकार, समीकरणांचे संच सोडवणं, आयगेनव्हॅल्यू काढणं, ही सगळी कामं पडद्यामागे ब्लास आणि लापॅक नावाच्या लायब्रऱ्या करतात. ब्लासची पहिली आवृत्ती १९७९ सालची. तिच्या आजच्या अवतारांपैकी ओपन-ब्लास आणि इंटेलची एमकेएल सगळे कोअर कामाला लावतात. पायथॉनमधलं नमपाय पिपने बसवलंत तर सोबत सहसा ओपन-ब्लास येतं. पण संख्याशास्त्रासाठीची आर ही भाषा विंडोजवर बसवलीत तर सोबत साधी, एकाच कोअरवर चालणारी मूळ ब्लास येते. उबुंटूवर आर वापरत असाल तर उपाय सोपा आहे: ओपन-ब्लासचं पॅकेज बसवा आणि तुमची तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवा. मोठ्या मॅट्रिक्सवर फरक डोळ्यांना दिसेल, कोडची एक ओळही न बदलता. मॅटलॅबवाले या बाबतीत सुखी आहेत. २००८ पासून तिथे ही सोय आपोआप चालू असते.

मात्र नमपाय म्हणजे सगळं आपोआप, असंही समजू नका. मॅट्रिक्सचा गुणाकार सगळ्या कोअरवर जातो. दोन ॲरेंची साधी बेरीज एकाच कोअरवर होते. आणि शुद्ध पायथॉनमध्ये लिहिलेलं लूप तर कितीही थ्रेड केलेत तरी एका वेळी एकच थ्रेड पुढे सरकतो, कारण जीआयएल नावाचं कुलूप. २०२४ च्या ३.१३ आवृत्तीपासून हे कुलूप नसलेला वेगळा पायथॉनही मिळू लागलाय, पण रोजच्या कामाला मल्टिप्रोसेसिंग किंवा जॉबलिब हाच सरळ मार्ग. त्याहीआधी ते लूप नमपायच्या ॲरेंत बसवता येतं का, नंबा हा कंपायलर लावून ते पळतं का, हे बघा. एका कोअरवरच काम पन्नासपट वेगाने होत असेल तर आठ कोअरच्या मागे लागण्यात शहाणपण नाही. आळशी कोड आठ कोअरवर चालवणं म्हणजे नुसतं वीजबिल वाढवणं.

एक्सेलवाल्यांनी हिरमुसू नये. एक्सेल २००७ पासून अनेक थ्रेडवर हिशेब करतं. तरीही तुमची फाइल रडतखडत चालत असेल तर दोन गोष्टी तपासा. व्हीबीएमध्ये स्वतः लिहिलेली फंक्शन्स सेलमध्ये वापरली असतील तर ती एकाच थ्रेडवर चालतात. इनडायरेक्टची गतही तीच. शक्य तिथे त्यांच्या जागी साधी सूत्रं घाला. दुसरं, मांडणी बघा. कर्जाच्या हप्त्यांच्या कोष्टकात प्रत्येक महिन्याची शिल्लक आधीच्या महिन्यावर टेकलेली असते, ती साखळी तोडता येत नाही. पण पाच हजार कर्जदारांची पाच हजार कोष्टकं एकमेकांपासून सुटी असतात. ती एकाच लांबलचक साखळीत गुंफलीत तर एक्सेलचाही नाइलाज होतो. स्टाटा वापरणाऱ्या अर्थशास्त्राच्या मंडळींची गोष्ट वेगळी आहे. तिथे अनेक कोअर वापरणारी एमपी आवृत्ती वेगळी विकत घ्यावी लागते आणि किंमत कोअरच्या संख्येनुसार वाढते. आपल्या कॉलेजने कोणती घेतलीय ते आधी बघा. साध्या आवृत्तीवर सेटिंग शोधत बसण्यात अर्थ नाही.

आता अपेक्षा किती ठेवायची? आयबीएमच्या जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये सांगितलेला हिशेब आजही चुकत नाही. समजा काम ६० मिनिटांचं आहे आणि त्यातली ६ मिनिटं फाइल वाचण्यात जातात, जी वाटता येत नाहीत. आठ कोअर लावले तर ५४ मिनिटांची पावणेसात होतात, म्हणजे एकूण पावणेतेरा मिनिटं. सोळा लावले तर साडेनऊच्या जरा आत. हजार लावले तरी सहाच्या खाली नाही. तेव्हा आधी मोजा, वेळ नक्की कुठे जातोय. फाइल सीएसव्हीऐवजी नीट बायनरी स्वरूपात ठेवलीत आणि ती सहा मिनिटं एकावर आली, तर तो फायदा कोणत्याही कोअरच्या खरेदीपेक्षा स्वस्त. आणि आठ लॉजिकल प्रोसेसर दिसले तरी प्रत्यक्ष कोअर चारच असू शकतात. एकेका कोअरला दोन नावं दिलेली असतात. जड गणितांत त्या दुसऱ्या नावाचा उपयोग थोडाच. शिवाय सगळे कोअर एकदम तापले की लॅपटॉप स्वतःच वेग कमी करतो. आठपटीची आशा धरून बसाल तर चारपट मिळूनही नाराज व्हाल.

फसण्याच्या जागा बऱ्याच आहेत, पण दोन सगळ्यांत नेहमीच्या. तुम्ही आठ प्रोसेस सुरू करता आणि प्रत्येक प्रोसेसमधली ओपन-ब्लास पुन्हा आठ थ्रेड काढते. चौसष्ट जण आठ खुर्च्यांसाठी भांडतात आणि काम आधीपेक्षाही हळू होतं. अशा वेळी ‘ओएमपी_नम_थ्रेड्स’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल एकावर आणून ठेवा. दुसरी जागा रॅमची. दोन जीबीचा डेटा आठ प्रोसेसनी आपापला उघडला की सोळा जीबी गेले. मशीन डिस्कवर लिहू लागतं आणि तुम्ही पुन्हा तिथेच येता, फक्त आता माउसही हलत नाही. कमी कोअर लावा. आरमध्ये एमसीएल-अप्लाय विंडोजवर एकाहून जास्त कोअर घेत नाही, तिथे क्लस्टर बनवून पार-एल-अप्लाय वापरावं लागतं, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

पण या झाल्या वेळ खाणाऱ्या गोष्टी. उत्तर चुकवणाऱ्या गोष्टींकडे जास्त लक्ष द्या, कारण त्या ओरडत नाहीत. दोन थ्रेड एकाच बेरजेत भर घालतायत. दोघांनीही १०० वाचले. एकाने ५ मिळवून १०५ लिहिले, दुसऱ्याने ७ मिळवून १०७. यायला हवे होते ११२. असं दर वेळी होत नाही, म्हणून तर ते सापडत नाही. प्रत्येकाने आपापली बेरीज वेगळी ठेवायची आणि शेवटी एकदाच मिळवायची, हा त्यावरचा साधा उपाय. यादृच्छिक संख्या वापरून सिम्युलेशन करत असाल तर आणखी जपा. सगळ्या प्रोसेस एकाच सीडपासून, म्हणजे सुरुवातीच्या एकाच आकड्यापासून, सुरू झाल्या तर आठही जण तेच फासे टाकतात. तुम्हाला वाटतं आठ लाख नमुने घेतले. खरे लाखच, आठ वेळा. आलेख देखणा येतो, त्रुटी कमी दिसते आणि निष्कर्ष खोटा ठरतो. नमपायमध्ये सीड-सीक्वेन्सपासून प्रत्येक प्रोसेसला वेगळी शाखा काढून देता येते; आरमध्ये याच कामासाठी लेक्युए यांचा जनरेटर आहे. ते वापरल्याशिवाय सिम्युलेशन वाटूच नका.

आणि शेवटचे दशांश बदलले म्हणून घाबरू नका. ०.१, ०.२ आणि ०.३ यांची बेरीज संगणकाला करायला सांगा. आधी पहिले दोन मिळवले तर सोळाव्या दशांशस्थानी एक १ उगवतो. आधी शेवटचे दोन मिळवले तर उत्तर नेमकं ०.६ दिसतं. कोअर वाढले की बेरजेचा क्रम बदलतो आणि असे फरक पडतातच. चौथ्या दशांशात फरक पडला तर मात्र थांबा, काहीतरी बिघडलंय. म्हणून आधी लहान कामावर एका कोअरचं आणि अनेक कोअरचं उत्तर शेजारी शेजारी ठेवून बघा, मगच रात्रभराचं काम लावा. रात्रभराचं लावताना दर थोड्या वेळाने अर्धवट निकाल फाइलीत लिहीत राहा. वीज आपल्याला विचारून जात नाही.

विभागाचा सर्व्हर सामायिक असेल तर थोडा शिष्टाचारही पाळा. ‘जेवढे कोअर दिसतील तेवढे घे’ असं कोडमध्ये लिहिणारा माणूस स्वतःच्या लॅपटॉपवर निरुपद्रवी असतो. ६४ कोअरच्या सर्व्हरवर तो बाकी सगळ्यांची कामं बंद पाडतो. आरची पॅकेजेस जिथे ठेवली जातात त्या क्रॅनचाही नियम असा, की तपासणीत कोणत्याही पॅकेजने दोनपेक्षा जास्त कोअर घेऊ नयेत. तुम्ही इतरांसाठी कोड लिहीत असाल तर कोअरची संख्या वापरणाऱ्याला ठरवू द्या आणि न सांगितल्यास एकच धरा.

गणित आणि संख्याशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांना एक खास विनंती. प्रॅक्टिकलच्या वहीत यावर एक तरी प्रयोग घाला. कापरेकर संख्या एक कोटीपर्यंत शोधायला सांगा. आधी एक कोअर, मग दोन, चार, आठ. घड्याळी वेळ लिहायची, आलेख काढायचा. चार कोअरनंतर कुठेतरी रेष वाकेल. ती का वाकली, प्रत्यक्ष कोअर संपले म्हणून, तुकडे सारखे नव्हते म्हणून, की न वाटता येणारा भाग उरला म्हणून, याचं उत्तर विद्यार्थ्याकडून दहा ओळींत घ्या आणि निम्मे गुण त्या दहा ओळींना ठेवा.